गेलेले वडील घरात बोलतात तेव्हा

(१९८५ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय काय, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘तू मराठी शिकवतेस ना, मग पुस्तकांवर काहीतरी बोल.’’ ‘काहीतरी’ हा शब्द मी वर्गात मुलांच्या निबंधात दिसला की लाल शाईनं खुणावते. म्हणून विषय मीच ठरवला, आणि खरं सांगायचं तर तो आज सकाळी ठरला. ओळखीचा कार्यक्रम चालला होता. प्रत्येक जण उठून नाव, गाव, नोकरी, मुलंबाळं सांगत होता, आणि दर दोघा-तिघांमागे एक वाक्य येत होतं : ‘‘वडील गेले.’’ कुणाचे दोन वर्षांपूर्वी, कुणाचे शाळेत असतानाच. आपण सगळे आता छप्पन-सत्तावन्नचे. वडील गेलेल्यांची संख्या आता असलेल्यांपेक्षा जास्त आहे.

तर मला बोलायचंय ते गेलेल्या वडिलांबद्दल, पण ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या. आपल्या पिढीनं या कादंबऱ्या अधाशासारख्या वाचल्या. आपल्या गावच्या वाचनालयात ‘स्वामी’साठी नंबर लावायला लागायचा, आणि ‘छावा’ हातात आली की ती परत करेपर्यंत घरातले तिघे-चौघे पाळीपाळीनं वाचून घ्यायचे. आपण त्या लढायांसाठी वाचल्या, रमा-माधवासाठी वाचल्या. आता या वयात पुन्हा वाचताना मला त्यांत दुसरंच काही दिसतं. या कादंबऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा माणूस बहुतेक वेळा मेलेला असतो. तो गेलेला असतो, पण घर त्याच्याच शब्दावर चालतं. आणि त्याचा शब्द म्हणजे काय, हे ठरवतात मागे उरलेले लोक.

‘स्वामी’पासून सुरुवात करते, कारण तो आपल्या घरचा विषय आहे. हसू नका, खरंच आहे. माधवरावांची आई गोपिकाबाई ही वाईच्या रास्त्यांची मुलगी. म्हणजे थोरले माधवराव पेशवे हे आपल्या गावचे भाचे. आपण ज्या ढोल्या गणपतीच्या घाटावर परीक्षेआधी नवस बोलायला जायचो, ते देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. हे साल लक्षात ठेवा. त्याच्या आदल्या वर्षी, १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. थोरला भाऊ विश्वासराव गेला, सदाशिवरावभाऊ गेले, आणि जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेबांनी प्राण सोडला. मागे उरला सोळा वर्षांचा मुलगा. आपण सोळाव्या वर्षी दहावीचा निकाल बघायला शाळेच्या फलकासमोर धक्काबुक्की करत होतो.

या मुलाला वडिलांनी काय ठेवलं? शनिवारवाडा ठेवला, मोठं नाव ठेवलं आणि प्रचंड कर्ज ठेवलं. रणजित देसाईंनी ही कादंबरी १९६२ साली लिहिली, आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लोकांना तिच्यातली रमाबाई आठवते, थेऊर आठवतं. १९८७ साली दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांना बघायला ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी अख्खी आळी गोळा व्हायची. पण मला आज त्या कथेत सारखं ऐकू येतं ते कर्ज. माधवरावांनी अकरा वर्षं राज्य केलं, सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं गेले, आणि जाण्यापूर्वी त्यांनी जो कागद करून ठेवला त्यातही कर्ज फेडण्याची गोष्ट आहे. एक माणूस मरणाच्या दारात बसून बापाचा हिशेब पुरा करायला सांगतोय.

आणि तरी हा मुलगा बापासारखा वागला नाही, ही त्यातली गंमत. नानासाहेबांच्या काळात जे चाललं ते माधवरावांनी चालू दिलं नाही. कारभारात ढवळाढवळ करणाऱ्यांना, मग ते नात्यातले का असेनात, त्यांनी आवरलं. रामशास्त्र्यांसारख्या माणसाचं ऐकलं. आईशी बेबनाव झाला आणि ती नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली. चुलत्याशी तर उभा दावा. १७६२ साली आळेगावला घरातलंच युद्ध थांबवण्यासाठी ते स्वतः राघोबादादांच्या स्वाधीन झाले, आणि १७६८ मध्ये धोडपला त्याच काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. राघोबादादांचं मनातलं गणित सरळ होतं : थोरल्या भावानंतर घरातला कर्ता मी. आपल्याकडे भाऊ गेल्यावर पुतण्यासमोर हेच गणित मांडणारे काका किती आहेत ते तुम्हीच मोजा. (माझेही काका होते, पुढे येतील.)

माधवरावांनी वडिलांचं देणं स्वतःचं मानलं आणि वडिलांची रीत मात्र स्वतःची मानली नाही. हे मला शाळेत असताना कळलं नव्हतं. ते कळलं आमच्या दुकानात.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आमचं दुकान आठवत असेल. अण्णा गेले तेव्हा मी नववीत होते, दादा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. दुकानात दोन वह्या सापडल्या. एका वहीत गावानं अण्णांना देणं असलेले पैसे, दुसरीत अण्णांनी घाऊक व्यापाऱ्यांना देणं असलेले. पहिली वही जाड होती. पण ती माणसं गरीब होती, काही तर गाव सोडून गेली होती. दुसरी वही पातळ होती आणि तिच्यातली माणसं तेराव्या दिवसानंतर दारात आली. दादानं कॉलेज सोडलं. नऊ वर्षं तो ती पातळ वही फेडत होता. जाड वही त्यानं माळ्यावर टाकली, कुणाच्या दारात गेला नाही.

आणि पहिल्याच महिन्यात त्यानं गल्ल्यामागे पाटी लावली, ‘उधारी बंद’. गावात केवढा गहजब! अण्णांच्या दुकानातून वाण्याचं पोर असं रिकाम्या हातानं माणूस परत पाठवतं म्हणजे काय! ‘‘अण्णा असते तर...’’ हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की ते मला दुकानाच्या नावाचाच भाग वाटायला लागलं होतं. दादा कुणालाही उत्तर देत नसे. पुडी बांधायचा आणि पैसे मोजून घ्यायचा. फार नंतर एकदा म्हणाला, ‘‘अण्णांची उधारी आणि अण्णांचं कर्ज, दोन्ही मी चालवली असती तर एकही पुरं झालं नसतं.’’ दादाला काय व्हायचं होतं, हे त्यानं आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की ‘‘काय करायचंय आता’’ म्हणतो आणि काटा पुसायला घेतो.

आता ‘छावा’. सिनेमा आला तेव्हा माझ्या वर्गातली मुलं मला विचारायला आली, ‘‘बाई, पुस्तक वाचलंय का?’’ म्हटलं, तुमच्या आईबापांच्या जन्माआधी छापलंय ते, १९७९ साली. शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे. आपल्याकडच्या अनेकांना त्यांची ‘मृत्युंजय’ जास्त आवडते. मला विचाराल तर घराची गोष्ट म्हणून ‘छावा’ अधिक खोल आहे.

नावच बघा. छावा म्हणजे सिंहाचा बछडा. हा शब्द बापाशिवाय पुराच होत नाही. तेवीस वर्षांचा होईपर्यंत ज्यानं आग्रा पाहिलं, लढाया पाहिल्या, संस्कृतात ग्रंथरचना केली, त्या माणसाची ओळख तरीही ‘कुणाचा’ अशीच व्हायची. त्यानं रचलेल्या ‘बुधभूषणम्’मध्येही आजोबांची आणि वडिलांची स्तुती आहे. आणि थोरल्या महाराजांच्या निधनानंतर समर्थांनी त्याला लिहिलेलं म्हणून जे पत्र आपण पाठ केलं, त्याचा भाव काय? वडिलांना आठव, त्यांचं रूप आठव, त्यांचा प्रताप आठव, आणि त्याहून काही अधिक करून दाखव. आपल्याला त्याचा अर्थ सांगताना बाईंचा आवाज कसा भरून यायचा ते मला अजून आठवतं. (बाई, आज तुम्ही समोर आहात म्हणून विचारते, तुम्हाला कधी त्या पत्राचं ओझं नाही का वाटलं? ज्याला ते आलं त्याच्या बाजूनं?)

३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराज गेले तेव्हा शंभूराजे पन्हाळ्यावर होते. दीड वर्षापूर्वी ते दिलेरखानाला जाऊन मिळाले होते आणि वर्षभरात परत आले होते. पितापुत्रांची पन्हाळ्यावर भेट झाली, पण ती शेवटची. नंतर जे घडलं ते आपल्याला माहीत आहे : अण्णाजी दत्तो आणि इतर कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्याचा घाट घातला. आणि तो फिसकटवला कुणी? हंबीरराव मोहित्यांनी. ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे मामा. सख्ख्या भाच्याला गादी मिळत असताना सेनापती सवतीच्या मुलाच्या बाजूनं उभा राहिला. हे हंबीरराव पुढे १६८७ साली पडले ते कुठे? इथेच, वाईच्या लढाईत. इथे येताना त्या रानातून आपली एसटी गेली असेल.

प्रश्न असा की गादी कुणाला, याबद्दल महाराजांची इच्छा काय होती? कारभारी एक मानत होते, हंबीरराव एक. सभासदाच्या बखरीत एक प्रसंग आहे. महाराज शंभूराजांना राज्याची वाटणी करण्याबद्दल सांगतात, दक्षिणेकडचा मुलूख एकाला, इकडचा दुसऱ्याला. वाचताना वाटतं, ठरलं, बापाचाच शब्द आहे. पण मग बघायचं की ही बखर कुणी लिहिली, कुठे लिहिली. कृष्णाजी अनंत सभासदानं ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, थोरले महाराज गेल्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. शंभूराजे तोवर हाल सोसून गेले होते. सभासद खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. तो आपला फार मोलाचा साक्षीदार आहे. मी एवढंच म्हणते की गेलेल्या बापाचं वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याचं घर कुठलं, हे बघावं लागतं. सावंतांची कादंबरी मोठी आहे ती इथे. तिच्यात हे दरबाराचं राजकारण आहेच, पण त्याच्या तळाशी एकाच बापाला दोन बाजूंनी ओढणारं एक घर आहे. सोयराबाईंचे शिवाजी महाराज वेगळे, येसूबाईंचे वेगळे, अण्णाजींचे आणखी वेगळे. शंभूराजांना मात्र आबासाहेब हवे असतात आणि समोर सारखे महाराज येतात.

आमच्याकडे महाराज नव्हते. किराणा दुकान होतं. पण वाटणी झालीच, अण्णांच्या शब्दांची. काकांचं म्हणणं, वडिलोपार्जित जमीन एकत्र ठेवायची ही अण्णांची इच्छा होती. आणि माझी बारावी झाल्यावर ते म्हणाले, ‘‘पोरीला साताऱ्याला वसतिगृहात ठेवणं अण्णाला पटलं नसतं.’’ काका वाईट नव्हते. त्यांनी त्यांचा भाऊ खरोखर तसा पाहिला होता. माझ्यासाठी पाचवडचं एक स्थळही आलं होतं.

आई काकांसमोर डोक्यावरचा पदर न सावरता कधी उभी राहिली नव्हती. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, ‘‘भाऊजी, दवाखान्यात शेवटी मला एवढंच म्हणाले ते. पोरीला बी.ए. करा.’’ बस्स. काका गप्प झाले. मेलेल्या भावाच्या शेवटच्या शब्दाशी कोण भांडणार? जूनमध्ये मी साताऱ्याला गेले. बी.ए. झाले, बी.एड. झाले, एकतीस वर्षं शिकवते आहे. या सगळ्या काळात अवघड वेळ आली की मी मनाशी म्हणायचे, अण्णांनी सांगितलं होतं. त्यावर मी अभ्यास केला, त्यावर पहिली नोकरी धरली.

चार वर्षांपूर्वी, आई जायच्या आदल्या हिवाळ्यात, आम्ही दोघी मागच्या पडवीत मेथी निवडत बसलो होतो. मी काहीतरी अण्णांच्या त्या वाक्याबद्दल बोलले. आई म्हणाली, ‘‘ते कुठं काय म्हणाले? शेवटचे दोन दिवस त्यांना शुद्ध कुठं होती.’’ आणि मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिली. मी विचारलं, मग तू तसं का सांगितलंस? तर म्हणाली, ‘‘माझं कोण ऐकणार होतं?’’

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी मान हलवते आहे ते मला इथून दिसतंय.

मी कितीतरी दिवस यावर विचार केला. राग आला नाही. जरा पोरकं मात्र वाटलं, अण्णा दुसऱ्यांदा गेल्यासारखं. आणि मग ऐतिहासिक कादंबऱ्या पुन्हा वाचायला घेतल्या तेव्हा मला त्यांतल्या बायका वेगळ्या दिसायला लागल्या. गोपिकाबाई, सोयराबाई यांना आपण खलनायिका करून टाकलं. पण नवरा गेल्यावर त्या काळच्या बाईच्या हातात स्वतःचा असा शब्दच कुठे उरत होता? तिला जे काही साधायचं ते ‘त्यांची इच्छा’ म्हणूनच साधावं लागणार. त्यांनी तो शब्द कधी भलत्या कामाला लावला हे खरं. आईनं तो माझ्या कामाला लावला. येसूबाईंचं म्हणूनच मला फार नवल वाटतं. शंभूराजांनी त्यांना नवरा जिवंत असतानाच स्वतःची मुद्रा दिली होती, ‘श्री सखी राज्ञी जयति’. आणि १६८९ मध्ये रायगड वेढ्यात सापडल्यावर राजारामांना गादीवर मानून गडाबाहेर काढण्याचा निर्णय त्यांनी घेतला. स्वतःचा सहा-सात वर्षांचा मुलगा समोर असताना. नंतर त्या मुलाला घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या. मुलगा १७०७ साली सुटला, त्या १७१९ साली. तोच मुलगा म्हणजे आपले साताऱ्याचे शाहू महाराज.

मला खुणा व्हायला लागल्या आहेत, तेव्हा तिसऱ्या पुस्तकाबद्दल थोडक्यात. ना. सं. इनामदारांची ‘मंत्रावेगळा’. नायक दुसरा बाजीराव. नाक मुरडू नका. आपल्या इतिहासाच्या सरांनी त्याला एका वाक्यात निकालात काढलं होतं, पळपुटा म्हणून. सर, तुमची क्षमा मागून सांगते, इनामदारांनी त्याची बाजू घेतली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे.

या मुलाला वडिलांनी कर्ज ठेवलं नाही, कीर्तीही ठेवली नाही. त्याला खून ठेवला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. थेऊरला मरताना माधवरावांनी ज्या भावाचा हात काकांच्या हाती दिला, तो भाऊ वर्षही पुरं व्हायच्या आत गारद्यांनी मारला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं. बाजीरावाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तो १७७५ सालचा. वडील १७८३ मध्ये कोपरगावला गेले, तेव्हा हा आठ वर्षांचा. पुढची वर्षं नजरकैदेत, आधी आईबरोबर नाशिकजवळ आनंदवल्लीला, मग जुन्नरला. का? तर हा राघोबाचा मुलगा. त्याच्यावर नजर ठेवणारे नाना फडणवीस. त्यांचा मेणवलीचा वाडा आपण सहलीला जाऊन पाहिला, त्या घाटावर डबे खाल्ले. त्या वाड्याच्या मालकाला या पोरात पोर दिसतच नव्हतं, त्याचा बाप दिसत होता.

कर्ज फेडता येतं. दादानं नऊ वर्षांत फेडलं. बापाच्या मोठेपणाशी झुंजता येतं, त्यात शंभूराजांसारखं मरून का होईना उतरताही येतं. पण बापानं केलेला गुन्हा मुलानं कुठल्या वहीत जमा करायचा? एकविसाव्या वर्षी हा पेशवा झाला तेव्हा त्याला कुणावर विश्वास ठेवायचा हे ठाऊक नव्हतं, आणि त्याच्यावर तर कुणाचाच नव्हता. त्याच्या चुका इनामदार लपवत नाहीत. पण कादंबरी मिटताना पळपुटा हा शब्द पहिल्यासारखा चटकन तोंडात येत नाही. आपल्या वर्गातही एक मुलगा होता. त्याच्या वडिलांवर पैशांच्या अफरातफरीचा आळ होता आणि मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी कुणी डबा उघडत नसे. तो आज इथे नाही. संयोजकांनी त्याला तीनदा पत्र पाठवलं असं कळलं.

बोलणं आवरतं घेते, मागे चहाची किटली दिसायला लागली आहे. जाता जाता एक काम. शाळेच्या ग्रंथालयासाठी मी तीन पुस्तकं आणली आहेत. ‘स्वामी’ आणि ‘छावा’ नवीन आहेत. ‘मंत्रावेगळा’ची प्रत मात्र जुनी, आमच्या दुकानात गल्ल्याखाली ठेवलेली असायची; दादा दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचायचा. तिच्या पानांना हळदीचे डाग आहेत आणि बांधणी सैल झाली आहे. दादाला विचारून आणली आहे. बाई, आपण पुढे येऊन ती घ्यावीत, अशी विनंती करते.